जायला पावणेदोन तास, यायला पावणेपाच

मुलगी पहिल्यांदा मस्कतला गेली तेव्हा जावयानं तिच्या तिकिटाची एक झेरॉक्स माझ्याकडं ठेवायला दिली. वरच्या ओळीत जाण्याची वेळ होती: हैदराबाद दुपारी साडेबारा, मस्कत सव्वादोन. खालच्या ओळीत वर्षभरानंतरची, परतीची: मस्कत सकाळी साडेसहा, हैदराबाद सव्वाअकरा. तिला विमानतळावर सोडून आम्ही नवरा-बायको नांदेडला परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी त्या कागदावर बोट ठेवून हिशेब केला. जायला पावणेदोन तास. यायला पावणेपाच.

पुन्हा केला. तेच आलं.

माझी सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. आधी निलंगा, मग बरीच वर्षं नांदेड. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसायचं, कुठली गाडी किती वाजता आली, कधी सुटली ते रजिस्टरला चढवायचं, आणि "सायेब, मुखेड कधी लागती?" असं विचारणाऱ्याला वेळ सांगायची. एकाच रस्त्यानं जाता-येता पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो हे मला ठाऊक होतं. बाजाराचा दिवस असला तर पंधरा. पण जायला जेवढा वेळ त्याच्या अडीचपटीहून जास्त यायला, असं शेड्यूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. शिवाय पावणेदोन तासांत आमची साधी गाडी नांदेडहून देगलूरलासुद्धा पोचत नाही, आणि ही पोरगी समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात.

जावयाला फोनवर अंतर विचारलं. "बावीसशे किलोमीटर धरा, मामा," तो म्हणाला. म्हणजे विमान जाताना ताशी साडेबाराशेनं पळालं होतं, आणि येताना ते पाचशेसुद्धा गाठणार नव्हतं.

बायको म्हणाली, "वारं असंल समोरून."

मला ते पटलं. सायकल मारलेल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं. महिनाभर मी दोघा-चौघांना तसं सांगितलंही. मग एकदा जावयानंच माझा गैरसमज काढला. "वाऱ्याचं काई न्हाई, मामा. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतेत. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं हाय. इमान दोन्हीकडून सव्वातीनच तास घेतं."

समजलं मला. खरंच समजलं. पण ते समजणं माझ्याजवळ दोन-तीन दिवस टिकायचं आणि मग निसटून जायचं. तिला फोन करायच्या आधी मला दर वेळी नव्यानं विचार करावा लागे, की आता आपले आठ, मग तिचे साडेसहा का साडेनऊ? तिच्याकडं सूर्य उशिरा उगवतो, म्हणजे ती मागं. मागं म्हणजे कमी. कमी म्हणजे साडेसहा. एवढं करेपर्यंत बायको म्हणायची, "अहो, लावा की फोन, उचलला तर जागी हाय, न्हाईतर झोपली."

मी बाजारातून दुसरं घड्याळ आणलं आणि पहिल्याच्या शेजारी लावून त्यावर मस्कतची वेळ केली. त्यानं उलट गोंधळ वाढला. बायकोनं बीपीची गोळी दोन-तीनदा चुकीच्या घड्याळावर घेतली. शेजारच्या शिक्षिकाबाई एकदा सकाळी विरजण न्यायला आल्या, भिंतीकडं बघून "अजून लई वेळ हाय" म्हणत निवांत बसल्या, आणि त्यांच्या शाळेची प्रार्थना चुकली. त्यानंतर त्या आमच्या घरात आल्या की आधी स्वतःच्या मनगटाकडं बघायच्या.

तशी ती आमच्यापासून लांब गेली ती मस्कतला नव्हे, लातूरला. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि घरी येणारा जो तो लातूरचं नाव घ्यायला लागला. पुढं नांदेडातही गल्लोगल्ली क्लास निघाले, पण तेव्हा हुशार पोरीला घरी ठेवणं म्हणजे तिचं नुकसान करणं, असं सगळ्यांचं मत होतं. आम्ही तिला अकरावीला लातूरला एका खोलीत ठेवलं. बरोबर दोन मुली होत्या, एक मुदखेडची, एक निलंग्याकडची.

दर रविवारी मी डबा घेऊन जायचो. नांदेड ते लातूर साडेतीन तास; त्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा मला पाठ होता. पण रविवारीच त्यांची टेस्ट असायची. मी क्लासच्या जिन्याखाली, भिंतीवरच्या पहिल्या आलेल्या पोरापोरींच्या फोटोंखाली उभा राहायचो. माझ्यासारखे आणखी वीस-पंचवीस बाप असायचे, प्रत्येकाच्या हातात पिशवी. ती खाली यायची, डबा घ्यायची, दहा मिनिटं बोलायची. बोलणं म्हणजे काय, तर "दोन टॉपिक राहिलेत", "माझी बॅच बदलली". बॅच वरची झाली का खालची, हे तिच्या तोंडावरून ओळखायचा मी प्रयत्न करायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो.

तिच्या खोलीतलं घड्याळ पुढं होतं. एकदा मी विचारलं, "हे किती पुढं हाय गं?"

"माहीत न्हाई, बाबा. इथं सगळ्यांचीच पुढं असतेत."

मला त्या घड्याळाची भीती वाटली होती. स्टँडवर असं घड्याळ असतं तर निम्म्या गाड्या रिकाम्या गेल्या असत्या.

मेडिकलचा नंबर तिचा थोडक्यात हुकला. फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. ते नेमकं काय असतं हे मला बरीच वर्षं कळलं नाही. कुणी विचारलं की मी "डॉक्टरच की" म्हणायचो, आणि ती मागून म्हणायची, "बाबा, तसं सांगत जाऊ नका." मग लग्न झालं. उदगीरचा जावई मस्कतला नोकरीला होता, तिलाही तिथल्या एका दवाखान्यात काम मिळालं.

ती जाऊन आठ-नऊ महिने झाले असतील, तेव्हा बायकोच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. एकदा ताप येऊन गेला, तेव्हा सर्जन म्हणाले की आता वाट बघण्यात अर्थ नाही, याच आठवड्यात ऑपरेशन करून घेऊ. मी मुलीला कळवलं.

"मी आल्याशिवाय करू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांना गुरुवारचं म्हणावं. मी बुधवारी येते. साडेसहाचं विमान हाय, सव्वाअकराला हैदराबादला उतरते. तुम्ही न्यायला येताव का? ह्यांना सुट्टी न्हाई, मी एकटीच हाय."

"येतो की," मी म्हणालो, आणि फोन कट झाला.

मी कागदावर लिहिलं: सव्वाअकरा. मग भिंतीकडं बघितलं. ती मस्कतहून बोलत होती, मस्कतच्या घड्याळाकडं बघून बोलत होती. तिचे सव्वाअकरा म्हणजे आपले किती? दीड तास मिळवायचा. पाऊण. मी दोन्ही घड्याळांवर बोटांनी मोजून पाहिलं, पुन्हा कागदावर बेरीज केली, आणि सव्वाअकरा खोडून पाऊण लिहिलं. इतक्या काळजीनं मी आयुष्यात दुसरी चूक केलेली नाही.

तिकिटाची झेरॉक्स कपाटात होती. ती काढून बघितली असती तर तिथं हैदराबादपुढं सव्वाअकरा छापलेलं दिसलं असतं. पण मला सगळं पाठ होतं, असं मला वाटत होतं.

घरात मोबाईल एकच होता. बायकोला दवाखान्यात दाखल केलं तेव्हा तो मी तिच्या उशाशी ठेवला, कारण नातेवाइकांचे फोन त्यावर यायचे. दिवसा तिच्याजवळ माझा मेव्हणा थांबणार होता. मंगळवारी मी एसटीनं हैदराबादला गेलो आणि बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो.

बुधवारी सकाळी आवरून झालं तेव्हा माझ्या हिशेबानं हातात भरपूर वेळ होता. हैदराबादचं ते बसस्टँड म्हणजे केवढं! फलाट मोजता मोजता मी दमलो. तेलुगूत गाड्यांची घोषणा व्हायची, गावांची नावं तेवढी कळायची. मी एका कंट्रोलरच्या खिडकीसमोर बाकावर बसलो आणि त्याचं काम बघत राहिलो. एक गाडी फलाटाला लागते न लागते तोवर मागं दुसरी उभी. हा माणूस खुर्चीतून न उठता, नुसत्या हातानं ड्रायव्हरांना मागं-पुढं करायचा. मी मनातल्या मनात त्याच्या गाड्या लावत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. बायकोचं ऑपरेशन, तिचा ताप, सगळं तेवढ्यापुरतं डोक्यातून गेलं. दोन वेळा चहा घेतला. तो सगळा वेळ मी मजेत घालवला, हे मी आजपर्यंत मुलीला सांगितलेलं नाही.

विमानतळावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पंधरा मिनिटं आधी आलो म्हणून मी खूशच होतो. बाहेर येणाऱ्या दारासमोर कठड्याला टेकून उभा राहिलो. वर पाटीवर विमानांची नावं सरकत होती. मस्कतच्या विमानापुढं लिहिलेलं होतं की ते उतरलं, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मी वाचलं आणि मनात म्हणालो, ही मस्कतची वेळ. हैदराबादच्या पाटीवर मस्कतची वेळ कशाला लिहितील, हा प्रश्न मला पडला नाही. पण "उतरलं" हे कसं? अजून तर पाऊण वाजायचाय. की ते मस्कतहून सुटलं, असं लिहिलंय?

पाऊण वाजला. एक वाजला. माणसं बाहेर येत होती, पण त्यांच्या बॅगांवरच्या चिठ्ठ्या दुसऱ्याच गावांच्या होत्या. दीड वाजता मी दारातल्या शिपायाला विचारलं.

"मस्कतवाली?" तो म्हणाला. "चाचा, वो तो कब की आ गई. सब पैसेंजरां चले गए."

"ऐसा कैसा? पाऊण बजे आनेवाली थी."

"सवा ग्यारा की है, चाचा. रोज सवा ग्याराकोच आती."

रोज. तो शब्द ऐकल्यावर माझ्या डोक्यात ते सगळं एकदम जागेवर बसलं: ते सव्वाअकरा आपलेच होते. ती सव्वादोन तासांपूर्वी इथं उतरली होती. मग कुठं होती?

मी सगळीकडं फिरलो. चहाच्या दुकानापाशी, टॅक्सीच्या रांगेत, बायकांच्या बाथरूमबाहेर उभं राहून आत जाणाऱ्या एका बाईला बघायला सांगितलं. मग फोनच्या बूथवर गेलो. बायकोजवळचा मोबाईल लावला तर बंद. मेव्हण्याचा नंबर त्या मोबाईलमध्ये होता, माझ्या डोक्यात नव्हता. दवाखान्याचाही नव्हता. तोंडपाठ असा एकच नंबर मला होता, नांदेड डेपोचा.

फोन माझ्या हाताखाली शिकलेल्या कंट्रोलरनं उचलला. "कुठून बोलायलाव, काका?"

"हैदराबादवरनं. पोरगी सापडंना झाली."

त्यानं जास्त विचारलं नाही. दवाखान्याचं नाव विचारून घेतलं, अर्ध्या तासानं पुन्हा करा म्हणाला, आणि स्वतः स्कूटर काढून गेला. अर्ध्या तासानं त्यानं सांगितलं, "काकू ठीक हायत. मोबाईल सिस्टरबाईंनी बंद करायला लावलाय, वॉर्डात चालत न्हाई म्हणून. पण ताई इथंबी आली न्हाई, काका."

म्हणजे आता बायकोलाही कळलं होतं की पोरगी सापडत नाही. मी फोन करून एकाची काळजी दोघांची केली होती. मी आणखी तासभर तिथंच थांबलो. थांबून काय होणार होतं ते मला कळत नव्हतं, आणि निघालो तर ती मागून आली तर, हेही होतं. शेवटी निघालो. नांदेडची गाडी मिळाली. देगलूरला गाडी थांबली तेव्हा दिवे लागले होते. मी उतरून पुन्हा डेपोला फोन लावला.

"आली, काका! सहालाच आली. टॅक्सी करून आली."

मी रिसीव्हर ठेवला आणि तिथल्या पायरीवर बसलो. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तेव्हा उठलो.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना सोडत नव्हते, म्हणून मी घरी गेलो आणि सकाळी सात वाजता दवाखान्यात पोचलो. मुलगी आईच्या पायाशी बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. माझ्याकडं तिनं एकदा बघितलं आणि आईच्या अंगावरची चादर नीट करायला लागली. ती नीटच होती.

बायकोला ऑपरेशनचा हिरवा झगा घातलेला होता, हातात सलाईन. तिनं आम्हा दोघांकडं बघितलं. मग मुलीला म्हणाली, "जाऊ दे गं. भूकंपात ह्यांना एक किलोमीटरवरनं घरी यायला दोन दिवस लागले होते. हैदराबाद तर तीनशे किलोमीटर हाय."

ती हसून म्हणाली, पण त्या दिवसांबद्दल तिनं तोंड उघडलं ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन माणसं आली आणि तिला घेऊन गेली.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. दोघांच्या मध्ये मुलीची पर्स होती.

भूकंप झाला तेव्हा मी निलंगा स्टँडवर ड्यूटीवर होतो. आदल्या दिवशी गणपती गेले होते. पहाटे जमीन हलली, पत्रे वाजले, आम्ही सगळे मैदानात पळालो. उजाडलं तेव्हा औसा-उमरग्याकडच्या गावांची बातमी यायला लागली आणि मग आमच्या गाड्या तिकडं निघाल्या. कुठली गाडी कुठल्या गावाला गेली, कोण ड्रायव्हर, परत आली का नाही, हे सगळं माझ्याकडं. रस्ते माणसांनी आणि वाहनांनी भरले होते. तासाभरात परत येईल म्हणून पाठवलेली गाडी रात्रीपर्यंत यायची नाही. लोक खिडकीपाशी उभे राहून आपापल्या गावांची नावं घेत होते. मी वेळ सांगत होतो. सवयीनं सांगत होतो, आणि एकही वेळ खरी होत नव्हती. मग पाऊस आला.

घर स्टँडपासून एक किलोमीटर. सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं, "तुमच्या घराला भेगा पडल्यात, पण मंडळी शाळेच्या मैदानात हायत, बरी हायत." मी "बरं" म्हणालो आणि पुढच्या गाडीकडं वळलो. त्यानंतर मी घरी गेलो तो दुसरा दिवस मावळताना. बायको आणि आठ वर्षांची मुलगी एका ताडपत्रीखाली बसल्या होत्या. बायकोनं मला भाकरी दिली.

मी का गेलो नव्हतो? काम होतं हे खरं. पण एक किलोमीटर म्हणजे चालत बारा मिनिटं. दोन दिवसांत बारा मिनिटं मिळाली नसतील का? मी त्या बाकावर बसून हिशेब करत होतो आणि तो जुळत नव्हता.

वरच्या खिशात कागद होता. मी तो काढला आणि पेन शोधायला लागलो. "हे बघ, तू सव्वाअकरा म्हणालीस, मला वाटलं ती तुझी वेळ, म्हणून मी दीड तास..."

"कागद नको, बाबा."

मी कागद घडी करून ठेवला.

ती बोलायला लागली. समोर भिंतीकडं बघत. "मी बाहेर आले तर तुम्ही न्हाई. तुम्ही कधीच उशिरा येत न्हाई. लातूरला सगळ्यांचे बाप उशिरा यायचे, तुम्ही न्हाई. आईचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग मला वाटलं..." ती थांबली. "पाऊण तास मी तिथं उभी होते. मी आईला मेलेली धरलं होतं, बाबा. टॅक्सीतबी तेच. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत तेच. वर येऊन बघते तर आई उठून बसलेली, आणि मला म्हणती, तुझे बाबा कुठं हायत?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. ते पुरेसं नव्हतं, पण दुसरं काही माझ्याकडं नव्हतं.

"आई म्हणली ते खरं हाय का? दोन दिवस?"

"हाव. पण मी निरोप पाठवला होता."

"कुणाजवळ?"

मला इतकी वर्षं पक्कं आठवत होतं की मी निरोप पाठवला होता, कामात हाय, येतो. पण कुणाजवळ? ड्रायव्हर? कॅन्टीनवाला? एकही चेहरा डोळ्यांसमोर येईना. जो माणूस घरची खुशाली सांगून गेला तो आठवत होता, त्याचं मातीनं माखलेलं धोतर आठवत होतं. मी पाठवलेला माणूस कुठंच नव्हता.

"आठवंना झालं," मी म्हणालो.

"मला आठवतं," ती म्हणाली. "मी सारखं विचारायचे, बाबा कधी येतेत. आई म्हणायची, गाडी आली की. मी रस्त्यावर गाडी दिसली की पळत जायचे. मला वाटायचं तुम्ही लई लांबून येणार हाव."

तिनं मध्ये ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. मग माझ्याजवळ सरकून बसली की नुसतीच हलली, ते मला नक्की सांगता येणार नाही.

दीड-दोन तासांनी सर्जन बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं होतं. त्यांनी एका छोट्या बाटलीत खडे दाखवले, तुरीच्या डाळीएवढे. मुलीनं त्यांना चार-पाच प्रश्न विचारले, इंग्रजीत. मी बाटली हलवून बघत राहिलो.

ती नऊ दिवस राहिली. आईला धरून चालवायची, खोल श्वास घ्यायला लावायची, खोकताना पोटावर उशी धरायला शिकवायची. तेव्हा मला तिचं काम काय असतं हे पहिल्यांदा दिसलं. माझ्याशी ती बोलायची, पण जपून. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी आलो तर भिंतीवरचं मस्कतचं घड्याळ खाली उतरवलेलं आणि सेल काढून टेबलावर ठेवलेला.

जाताना मीच तिला हैदराबादला सोडायला गेलो. ह्या वेळी रेल्वेनं, मुदखेड-धर्माबादवरून. विमानतळाच्या दारात ती म्हणाली, "कशाला काळजी करताव. सव्वातीन तास तर हायत." मी मान हलवली. पण ती नांदेडच्या घरातून निघाली होती ते आदल्या दिवशी, आणि मस्कतच्या तिच्या घरी पोचल्याचा फोन आला तेव्हा मला सगळे मिळून अठरा की एकोणीस तास झालेले दिसत होते. त्यातले सव्वातीन नेमके कुठले, हे मला वेगळे काढता येईनात.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि आम्हा दोघांचं तिकीट आलं. माझं पहिलंच विमान. बायको खिडकीशी बसली, मी मध्ये. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा होता आणि त्यावर नकाशात एक पांढरं विमान. आधी ते जमिनीवर होतं, मग समुद्रावर गेलं, आणि मग तिथंच थांबल्यासारखं दिसायला लागलं. खाली आकडे बदलत होते. उंची, वेग, किती अंतर गेलं, किती राहिलं. निघाल्या गावची वेळ. पोचायच्या गावची वेळ. इतके सगळे आकडे एका जागी मी स्टँडवरसुद्धा कधी पाहिले नव्हते.

"किती वाजले?" बायकोनं विचारलं.

मी मनगटाकडं बघितलं, मग पडद्याकडं. "कुठले सांगू?"

"कुठले म्हणजे? आत्ताचे."

खाली नुसतं पाणी होतं. हैदराबाद मागं राहिलं होतं, मस्कत आलं नव्हतं. आम्ही होतो तिथं किती वाजले असतील हे पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. मी उठलो आणि मागं कापडी पडद्याजवळ उभ्या असलेल्या हवाई सुंदरीकडं गेलो. माझं हिंदी तिला कळलं. "टाइम कौन सा चाहिए, अंकल? इंडिया का या मस्कत का?"

"दोन्ही नको," मी म्हणालो. "और कितना बाकी है, उतना बोलो."

"एक घंटा. थोड़ा कम."

मी परत येऊन बायकोला सांगितलं, अजून तासभर.

"मग झोपते जरा," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून खरोखरच झोपली.